अश्व बंडू आणि उद्याची पहाट

मी एक जुना घोडा आहे आणि एका संपूर्ण राज्याचं भवितव्य माझ्या पाठीवर आहे. निदान असायला हवं. सध्या ते खाली उतरून फुलपाखरं पकडतं आहे.

मित्रांनो, घाबरू नका. मी व्हिडिओ गेममधला घोडा आहे. आमचा राजा काळ्या किल्ल्यात कैद आहे, उद्या पहाटे त्याला फाशी आहे आणि त्याला सोडवायला एक शूर सरदार माझ्यावर बसून निघाला आहे, अशी आमची गोष्ट. सरदार निघाला त्याला दोन वर्षं होत आली.

माझा जन्म एका ऑफिसात झाला. खुर्चीत बसलेल्या माणसांनी मला एकेक हाड जोडून घडवलं. माझ्या शेपटीवर एका माणसाचं तारुण्य गेलं. शेपटी अजून दाट आहे, त्याचे केस मात्र राहिले नाहीत. माझ्या टापांचा आवाज म्हणजे लाकडी फळीवर आपटलेले दोन कप. त्या ऑफिसात दोन खोल्या होत्या. एकीत गोष्ट लिहिणारे बसत, दुसरीत डोंगर, नद्या आणि रानं करणारे. गोष्टवाल्यांचं म्हणणं, राजा मरायला टेकलाय, माणसाने सरळ किल्ला गाठावा. रानवाल्यांचं म्हणणं, एवढं जग आम्ही पाठ मोडून उभं केलं, ते कोणी बघायचं की नाही? दोन्ही खोल्या चहाच्या मशीनपाशी भेटत आणि तिथेही एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत. त्यामुळे आमच्या जगात 'त्वरा करा!' अशी पाटी चमकते आणि तिच्याखालीच मासे पकडायचा गळ ठेवलेला असतो.

कंपनीने माझं नाव 'वादळकेतू' ठेवलं होतं. पण ते बदलायची मुभा होती. मी ज्या घरात आलो, तिथल्या आईने पहिल्याच संध्याकाळी मुभा घेतली आणि माझं नाव 'बंडू' केलं.

त्या घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तुम्हाला वाटतं, पडद्याच्या काचेतून फक्त तुम्हीच आत बघता. मला तिची खोली स्वच्छ दिसते. डाव्या बाजूला खचलेला सोफा, वाळत घातलेले मोजे, इस्त्रीच्या कपड्यांचा कधीही न संपणारा ढीग. आई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. 'श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका' असं दिवसभर लोकांना सांगते. घरी आली आणि कंट्रोलर हातात पडला, की मग ती एका जागी थांबत नाही.

ती मला गिरणीमागच्या टेकडीवर नेते. धबधब्यापाशी सूर्यास्त बघते. आणि चढ आला, की खाली उतरून माझ्या बाजूने चालते. मला वजन जाणवत नाही. पण हे तिला सांगायची सोय कंपनीने माझ्यात ठेवलेली नाही.

शनिवार मात्र लेकीचा. तिला घरात चिमणी म्हणतात. ती आईपेक्षा वीतभर उंच आहे. चिमणीला गोष्ट हवी असते. ती नकाशावर रेघ ओढते आणि रेघेवर नदी आहे की कडा, हे बघत नाही. शनिवारी जेवढा पुढे जातो, तेवढा आई मला आठवडाभरात मागे आणते. शनिवारी मी किती वेळा कड्यावरून पडलो, ते मोजत नाही, कारण पडून झाल्यावर मी पुन्हा उभा राहतो आणि घोड्याने फार मनाला लावून घेऊ नये. एकदा तिने मला गिरणीच्या छपरावर तसंच सोडलं. रविवारी आईने बघितलं आणि जेवणाच्या टेबलावर तिच्याशी बोलणं टाकलं.

"आई, तो घोडा खरा नाहीये."

"मग तुझा राजा कुठला खरा आहे?"

या घरात बाबाही आहेत. ते लिफ्टची दुरुस्ती करतात. कामावरून आले, की दारातच बूट काढत एकच प्रश्न विचारतात, "सुटला का राजा?" उत्तर ऐकायला मात्र थांबत नाहीत. हवं तिकडे हिंडायचं स्वातंत्र्य वगैरे ऐकून ते एकदाच म्हणाले होते, "बटण दाबलं, की लिफ्ट त्या मजल्याला जाते. ती आडवी गेली, तर आमच्याकडे त्याला अपघात म्हणतात."

मी दोघींनाही पाठीवर घेतलं आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे. पूर्वी मला वाटायचं, गोष्ट हा लगाम आणि मोकळीक म्हणजे कुरण. मग ध्यानात आलं, की तिकडे राजा खोळंबलाय म्हणूनच आईला इकडे फुलपाखरं पकडण्यात मजा येते. शाळाच नसेल, तर दांडी कुठली मारणार? उलट बाजू कळायला मात्र मला मरावं लागलं. ते आता सांगतो.

चिमणीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सोमवारी निघायचं होतं. रविवारी दुपारी तिची बॅग सोफ्याशेजारी उभी होती आणि आई मला घेऊन जांभळी फुलं वेचत होती.

"आई, आज संपवूया ना. शेवट बघितल्याशिवाय मी नाही जाणार."

"अगं, घाई काय आहे?"

"फाशी आहे त्याची उद्या!"

"दोन वर्षं उद्याच आहे. होईल उद्या."

"दे इकडे."

"थांब, ही दोन फुलं राहिलीत."

"आई, तू काहीतरी लपवतेयस. कालपण किल्ल्याचा विषय काढला, तर तुला भांडी घासायची आठवण झाली. भांडी बाबांनी घासली होती."

आईने कंट्रोलर मांडीवर ठेवला. तिकडे गॅसवर दूध उतू गेलं. दोघी उठल्या नाहीत.

"परवा बँकेतला एक माणूस मनगट मोडून आला होता," आई म्हणाली. "मी म्हटलं, हलू नका. हात नाही हलवला मेल्याने, तोंड हलवलं. म्हणाला, तुम्हीपण खेळता? शेवटी घोडा मरतो, बघा. गोठलेल्या तळ्यावर. सरदार वाचतो, राजा सुटतो. म्हणजे आपला बंडू जातो गं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी गवत खात होतो. धक्का बसल्यावर खाणं थांबवायची सोय माझ्यात नाही, त्यामुळे खात राहिलो.

चिमणीने शेजारची बॅग पायाने जरा दूर सरकवली. मग म्हणाली, "नको मग. राहू दे."

"आणि तू तिकडे जाऊन एकटी बघणार. नाही. जे काय व्हायचं, ते इथे होऊ दे, माझ्यासमोर."

"आई, तू बंडूबद्दलच बोलतेयस ना?"

"मग कोणाबद्दल?" असं म्हणून आई दूध पुसायला गेली. परत आली, तेव्हा तिने कंट्रोलर लेकीच्या हातात दिला. "तू चालव. माझ्याने होणार नाही. पण रेघ ओढू नकोस. मी सांगते तसं ने."

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रपेट. आधी गिरणीमागची टेकडी, मग धबधबा, मग ज्या पुलावर आईला पाऊस लागला होता तो पूल. "इथे डावीकडे कोल्ही राहते, तिला पिल्लं आहेत," आई सांगायची. "हे कधी बघितलंस तू?" चिमणी विचारायची. "तू फोनवर असायचीस तेव्हा." वाटेत चढ लागला. आईने सांगायची वाट न बघता चिमणीने बटण दाबलं, सरदार खाली उतरला आणि माझ्या बाजूने चालू लागला. मला तेव्हाही वजन जाणवत नव्हतं. तरीही चढ सोपा गेला.

मग तळं आलं. पांढरं, लांबच लांब. आई पुटपुटली, "श्वास घ्या. धरून ठेवा." बर्फ तडकला. मी सरदाराला पलीकडे फेकलं आणि गेलो. गोष्टवाल्यांनी तिथे फार करुण संगीत घातलं आहे. सरदाराने हेल्मेट काढलं, आकाशाकडे बघितलं आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली: 'हे अश्वश्रेष्ठ बंडू, तुझं बलिदान हे राज्य युगानुयुगे विसरणार नाही!'

दोघी आधी फस्सकन हसल्या. मग रडल्या. मग रडता रडता पुन्हा हसल्या. ते संगीत सगळ्यांसाठी एकच असतं. पण रेघेवरून धावत आलेला घोडा पडला असता, तर चिमणीने दुसरा मागवला असता. रडू आलं ते टेकडीचं होतं, कोल्हीचं होतं, चढावर उतरून चालल्याचं होतं. उरलेली बाजू मला तिथे, गार पाण्यात कळली. गोष्टीने मला मारलं खरं, पण मी गेलो याचं कोणाला काही वाटावं, ही सोय हिंडण्याने करून ठेवली होती.

राजा सुटला. तुताऱ्या वाजल्या. तेवढ्यात दार वाजलं.

"सुटला का राजा?"

"सुटला," चिमणी नाक पुसत म्हणाली.

बाबांचा एक बूट हातातच राहिला. "मग रडताय कशाला?"

"बंडू गेला हो," आई म्हणाली.

"तो, शीळ घातली की मागून पळत यायचा तो?"

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाबा सोफ्यावर बसले, खचलेल्या बाजूला, एका पायात बूट असतानाच. पडद्यावरून ऑफिसातल्या माणसांची नावं सरकत होती. तिघांनी ती सगळी वाचली. शेपटीवाल्याचंही वाचलं.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात जो कोणी घोडा असेल, त्याला छपरावर सोडून जेवायला जाऊ नका. चढ आला, की खाली उतरा. वजन त्याला जाणवत नसलं, तरी उतरा. आणि राजाला सोडवायला जरूर जा, पण थोडा वळसा घालून.

नावं संपली. पडदा काळा झाला. मग उजाडलं. तळं पुन्हा अखंड गोठलेलं होतं आणि त्याच्या अलीकडे सरदार एकटाच उभा होता.

"हे काय?" आई म्हणाली. "चिमणे, शीळ घाल बघू."

चिमणीने शीळ घातली. मी झाडामागून आलो. तोंडात गवत होतं.

आई एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. चिमणी सोफ्यावर उभी राहून नाचली. बाबांनी दुसरा बूटही काढला.

"म्हणजे शेवट झाल्यावर शेवटाच्या आधी परत आणून सोडतात?" त्यांनी विचारलं.

"हो," चिमणी म्हणाली. "मग हवं तेवढं हिंडा."

"आणि राजा?"

चिमणीने नकाशा उघडून बघितला.

"कैदेत आहे," ती म्हणाली. "उद्या पहाटे फाशी आहे."