पासवर्ड लक्षात ठेवायचा का?

अंबाडी नाक्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, कॉलेजचे अर्ज, जे लागेल ते. कॉम्प्युटर एकच. ब्राउझर कुठलाही असो, गिऱ्हाईक त्याला गूगलच म्हणतं, आणि समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

उन्हाळ्यात तो इतका मंदावला की एक पान उघडेपर्यंत माणूस समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचा. दाखल्यासाठी भिवंडीहून आलेला एक लूमवाला म्हणाला, "दीदी, आपका गूगल बीमार है." मी म्हटलं, "मग भेटायला आल्यासारखे बसा, घाई करू नका." माझी चेष्टा कोणी केली तर मला चालते, वेळ खाल्लेला चालत नाही.

शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला प्रितेश येऊन बघून गेला. चाळीसेक टॅब उघड्या, वर हवामानाची पट्टी, कूपनांची पट्टी आणि मी कधी घेतलीच नाहीत अशी सहा एक्स्टेन्शन्स. "मेघाली, हा चालतोय हेच नशीब," तो म्हणाला. "दुसरा ब्राउझर घे."

घ्यायचा म्हणजे काय, बाजारातून भाजी आणायची आहे? पहिला पळायचा झकास, पण अर्जाच्या वेबसाइटी त्याला दारातच उभं करायच्या. दुसऱ्यात छापलेल्या अर्जावर फोटो अर्धा कापला जायचा. तिसरा जमला. प्रितेशने बजावलं होतं, जुन्यातलं सगळं साफ कर, मगच काढ. साफ करायला गेले तर चौकटी आल्या: इतिहास, कुकीज, साठवलेले पासवर्ड. मी सगळ्यांवर खूण केली. झाडायला घेतलं की मी कोपरा सोडत नाही.

नवा ब्राउझर बाणासारखा सुटला. मी रोज टॅब बंद करायचे, नको ती एक्स्टेन्शन्स येऊ द्यायचे नाही. तीन आठवडे मी खूश होते.

मग एका दुपारी चारच्या सुमाराला बायडी आली, गणेशपुरीच्या मागच्या डोंगरातल्या पाड्यावरची. सोबत तिची पोरगी तुळजा. "ताई, फारम हाय पोरीचा. आज शेवटचा दिस हाय," बायडी म्हणाली. नर्सिंगसाठी कॉलेजांची पसंती पाचच्या आत भरायची होती. हे वर्ष गेलं तर तुळजा आईबरोबर वीटभट्टीवर जाणार, हे घरात ठरलेलंच होतं.

तिचं खातं मीच दोन महिन्यांपूर्वी उघडून दिलं होतं. मी वेबसाइट उघडली. पासवर्डची चौकट रिकामी. जुना ब्राउझर ती आपोआप भरायचा.

"तुमच्याकडे लिहिलेला असेल ना, ताई?" तुळजाने विचारलं.

"नाही. त्यालाच ठाऊक होता," मी म्हटलं. 'त्याला' म्हणजे कोणाला, ते तिने विचारलं नाही.

नवा पासवर्ड घ्यायला ओटीपी लागतो. नंबर तुळजाच्या मामाचा, आणि मामाचा फोन पंधरा दिवस बंद. उरला एकच रस्ता, सुरक्षेचा प्रश्न. तो पडद्यावर आला: तुमचं आवडतं पुस्तक कोणतं? तीन वेळा चुकलं की खातं दिवसभर बंद.

तुळजा सरसावून बसली. "जीवशास्त्र. बारावीचं."

मी टाकलं. चूक.

"मग बायोलॉजी लिहिलं असेल."

तेही चूक. "दुसरं कुठलं आवडतच नाही मला," ती पुटपुटली. चूक आपलीच आहे, असं तिला वाटत होतं.

"नीट आठव गो," बायडी म्हणाली. "तुजा तुलाच ठाव ना?"

खरं सांगते, पहिला प्रयत्न फसला तेव्हाच मला आठवलं होतं. तरी दुसरा मी तिला करू दिला. उत्तराच्या चौकटीत ठिपके येत नाहीत, अक्षरं दिसतात. पाड्यावरचं कोणी आलं की हा प्रश्न मी विचारतच नसे. यांना पुस्तक कसलं विचारायचं? वेळ वाचवायला मी सगळ्यांसाठी एकच शब्द टाकायचे, आणि टाकताना मला जरा हसूही यायचं. शेलार गावात माझ्या माहेरीही तोच शब्द बोलतात. दुकानात मी 'नाही' म्हणते.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. तुळजाने खुर्ची तेवढीच सरकवली.

मी टाइप केलं: न्हाय.

खातं उघडलं.

तुळजाने तो शब्द वाचला. बायडीला वाचता येत नाही. तिने हात जोडले आणि विचारलं, "काय टाकला गो ताईनी?"

"पुस्तकाचं नाव," तुळजा म्हणाली.

मला लाज वाटली. इतकी, की कॉलेजांची नावं भरताना मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ती एकेक कॉलेज सांगत गेली, मी भरत गेले. पावणेपाचला अर्ज गेला, पावती छापली. फोटो पूर्ण आला होता.

बायडी उठली. तुळजा बसूनच राहिली.

"ताई, ते उत्तर बदलता येतं?"

"येतं. आणि पासवर्डही. सांग, काय टाकू?"

"मी टाकते. तुम्ही जरा तिकडे बघा."

मी रस्त्याकडे तोंड केलं. नाक्यावर वाड्याची एसटी उभी होती. मागे एका बोटाने दाबलेली बटणं ऐकू येत होती, सावकाश, पण मध्ये न थांबता. आवाज थांबल्यावर मी वळले. ब्राउझर विचारत होता, पासवर्ड लक्षात ठेवायचा का?

तुळजाने ते नीट वाचलं आणि 'कधीच नाही' दाबलं.