ओला लेप

मी एक जुनी छपाईची जाळी आहे. लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं बारीक कापड, एवढाच माझा देह. मित्रांनो, सध्या कोपऱ्यात माझ्यावर रंगाचे रिकामे डबे रचून ठेवलेत. त्यामुळे जरा तिरकस बोलले तर सांभाळून घ्या.

माझ्या मालकीणबाई चित्रकार. पिवळ्या दिव्याच्या खोलीत त्या माझ्यावर हिरवा लेप चढवत. तो वाळला की पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने काढलेलं चित्र माझ्यावर ठेवून प्रखर दिवा लावत. उजेड लागेल तिथला लेप घट्ट होई आणि शाईखालचा पाण्याने धुऊन निघे. त्या मोकळ्या जागेतून रंग कागदावर उतरे. लोक कागदाचं कौतुक करत. माझं कशाला करतील?

पुढे बाईंची नजर अधू झाली. ती पुरती जाण्याआधी त्यांनी फिल्मला नाक टेकवून एक शेवटचं चित्र काढलं, आपल्या लेकाचा चेहरा.

"छापायचं काम आता तू कर," त्या त्याला म्हणाल्या. "फक्त लेप नीट वाळू दे."

"अगं, लहानपणापासून बघतोय. मला काय शिकवतेस?"

त्याला कुठेतरी जायचं होतं. माझं अंग अजून चिकट होतं, तरी "चालतंय" म्हणत त्याने फिल्म दाबून बसवली आणि दिवा लावला. उचलली तेव्हा शाईचे पोपडे मलाच चिकटून आले. वर पाणी मारलं, तर कच्चा लेप शाईसकट मोरीत गेला. त्याच्या हातात कोरी फिल्म राहिली आणि समोर कोरी मी. मला इतका संताप आला, पण बोलणार कोण?

त्याने फळीवरचं एका झाडाचं जुनं छापील चित्र उचललं आणि आईच्या हातात दिलं. "झकास आलंय बघ."

बाईंनी तो कागद छातीशी धरला. तोवर त्यांना काहीच दिसेनासं झालं होतं.

मित्रांनो, कुणाच्या आयुष्याचं काम हाती घ्याल, तर आधी वेळ काढा. नसेल वेळ, तर सरळ नाही म्हणा.

ते झाड आता याच खोलीत भिंतीवर आहे. पाहुणे आले की बाई तिकडे हात करून कौतुकाने सांगतात, "हा माझा लेक. मीच काढलाय."

पाहुणे गोंधळून लेकाकडे बघतात. तो चहा आणायला आत जातो.