कोमट पिठाची ओढ

मंठाळच्या अंकुशरावांच्या घरी थोरल्या मुलाचे, धनराजचे बारसे झाले, ते वर्ष १९८४. त्याच वर्षी वीरभद्रप्पा सुताराने बाभळीचे जाड खोड कोरून मला घडवले. मित्रांनो, मी भाकरीचे पीठ मळायची काठवट. आता माझी एक कड झिजली आहे, तळाला चीर गेली आहे. पण आठवण शाबूत आहे.

धनराजची आई सत्यभामाबाई रोज सकाळी मला चुलीपुढे ओढत. ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी ओतत आणि हाताला सोसवेल इतके निवले की तळव्याने मळत. पाहुणे म्हणत, "अशी भाकरी कुठं मिळत न्हाई." तेव्हा मला वाटे, त्यात थोडा वाटा माझाही आहे.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, आमच्याकडे सगळे घर शेतात जेवते. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप उभारून तिच्यात पूजा होते. नैवेद्याला बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे लागतात, आणि ते थोरल्या बाईने वळायचे ही या घरची रीत.

साठी ओलांडल्यावर सत्यभामाबाईंच्या बोटांची पेरे सुजू लागली. सकाळी तासभर मूठच मिटेना. अंकुशराव म्हणाले, "बोटं बघ, आल्याच्या गड्ड्यावानी झालीत."

"मग किसून चहात टाका," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांचे अश्रू माझ्यातल्या पिठावर पडले.

धनराजची बायको रेणुका मायेची होती. तिने मला उचलून धान्याच्या कोठीमागे उभे केले आणि स्टीलची परात घेतली.

"कामून उचलायलीस गं?"

"तुम्ही आराम करा आत्या. मी करायलेय की."

"देव्हाऱ्यात बसवायलीस का मला? मग नारळ बी फोड एकदाचा!"

रेणुका हसली, पण परात तिने सोडली नाही. सासूला काम सांगणे तिला पाप वाटे. मी दोन वर्षे कोठीमागे राहिले. माझ्यात कोळ्याने जाळे केले. बाहेर सत्यभामाबाई हात मांडीवर ठेवून बसत, आणि बसून बसून बोटे आणखी आखडत गेली. दोन्ही येळवशींना उंडे रेणुकाने वळले. दुसऱ्या वर्षी सत्यभामाबाई शेतात जेवल्याच नाहीत. म्हणाल्या, "एक तरी उंडा ह्या हातानं वळायचाय मला. मग हात गेले तरी चालतील."

हे ऐकून रेणुका त्यांना बसवकल्याणच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे काय झाले ते तिने घरी येऊन अंकुशरावांना सांगितले. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा संधिवात आहे. गोळ्या नेमाने घ्यायच्या, बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. सूज असेल तेव्हा विसावा द्यायचा. सूज उतरली की बोटे रोज कोमट पाण्यात हलवायची.

"त्यांनी विचारलं, ह्या आधी कामं काय करायच्या? मी म्हणलं, भाकरी. तर म्हणल्या, बंद कामून केली?" रेणुकाने कोठीमागे माझ्याकडे पाहिले. "मामा, मीच करू दिली न्हाई."

औषध लागू पडायला तीन महिने गेले. मग एका सकाळी रेणुकाने मला धुतले, तेल लावले आणि मेजावर ठेवले. समोर खुर्ची मांडली, कारण सासूला खाली बसवत नव्हते.

"खुर्चीवर बसून पीठ मळू? तहसीलदार हाय का मी?"

"व्हय, आजपासून तुम्ही तहसीलदार. मळा."

कोमट पिठात ती वाकडी बोटे हळूहळू उतरली. पहिल्या दिवशी लिंबाएवढाच गोळा. भाकरी थापणे त्यांना पुन्हा जमले नाही, आणि थंडीत ठणका यायचाच. तो आला की त्या दिवशी त्या थांबायच्या. पण त्या येळवशीला त्यांनी पाच उंडे वळले. बोटांचे वळ त्यांवर तसेच उमटले होते. अंकुशरावांनी तेच नैवेद्याला ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची बोटे, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. त्यांचे ओझे हलके करा, पण त्यांच्या हातचे सगळेच काम काढून घेऊ नका. काय जमते, ते आधी त्यांनाच विचारा.

रेणुका आता माझ्यात छान पीठ मळते. तरी आधणाची वाफ अंगावर आली की मी त्या दुसऱ्या हातांची वाट पाहते. ते पाच उंडे वळल्यानंतर सत्यभामाबाई आणखी तीन येळवशी जगल्या. गेल्या वर्षी चैत्रात, पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, त्या तापाने वारल्या.