पानावरचं श्री

रेझ्युमे लिहिण्यात मेडशीत माझा हात कोणी धरत नाही. मोठेपणा नाही सांगत, बसस्टँडसमोरच्या माझ्या ऑनलाइन सेंटरवर येऊन पाहा. 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' असली गुळमुळीत वाक्यं मी टाकतच नाही. कंपनीला आकडा पाहिजे. किती वर्षं, किती कामं, कोणती मशीन. म्हणून फय्याजचाचा आले तेव्हा मी त्यांनाही तेच विचारलं, अन् तिथंच सगळा घोळ झाला.

फय्याजचाचा म्हणजे माझ्या बाबांचे काठीवाले. बाबा, गुलाबराव, खाजगी सर्व्हेअर होते. वाटणी असो की धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, वीसेक गावांत लोक म्हणायचे, गुलाबरावनं मोजलं म्हणजे मोजलं. बाबा मोजणीच्या मशीनमधून पाहायचे आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला भिंग लावलेली काठी धरून चाचा उभे. अशी एकोणीस वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात बाबा वारले आणि चाचांचं कामच थांबलं.

अकोल्याच्या एका कंपनीला सर्व्हेअर हवे होते. अनुभव पक्का असेल तर डिप्लोमा नको, असं जाहिरातीत होतं. खाली हेल्परच्याही जागा होत्या. चाचा म्हणाले, हेल्परचा अर्ज भर. पण लतीफाचाचींनी मला आधीच फोन करून ठेवला होता, यांना मशीन येते, तू सर्व्हेअरचाच भर म्हणून. शिवाय त्यांची नमरा. दरवर्षी स्कॉलरशिपचा फॉर्म माझ्याकडे भरते, अन् वडिलांचा व्यवसाय विचारला की मान ताठ करून सांगते, सर्व्हेअर. मी हसू दाबून टाइप करायचे. बाप काठीवाला, अन् पोरीचा तोरा पाहा.

मोजण्या किती झाल्या ते चाचांना सांगता येईना. साहेबांच्या वह्यांत असेल, म्हणाले. म्हणून संध्याकाळी मी बाबांच्या मोजणीच्या वह्या कपाटातून काढल्या.

बाबा प्रत्येक पानाच्या माथ्यावर श्री लिहायचे. घाईघाईत, एका झटक्यात, कधी वेलांटी अर्धीच. सतरा सालापर्यंत तसंच होतं. मग एका पानापासून श्री बदललं. सावकाश काढलेलं, रांगोळी काढावी तसं, दर पानावर अगदी तेवढंच. खालचे आकडेही वेगळे, गोल आणि नीट. फक्त तळाची सही बाबांची, अन् तीही रेघ सोडून भलतीकडेच गेलेली. सात वर्षांच्या वह्या मी पालथ्या घातल्या.

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, त्यांना काचबिंदू होता, शेवटी शेवटी तर माणूसही आवाजावरून ओळखायचे. लोकांपुढे ते मशीनला डोळा लावून मान हलवायचे, आणि मग चाचा पुढे होऊन आकडे वाचायचे. काठी धरायला शेतातलाच कोणी मजूर. मला घरात नजर थोडी कमी झालीय एवढंच सांगायचे, बाकी कोणी काही बोललं नाही. मला बाबांचा इतका राग आला, की मेलेल्या माणसाचा येऊ नये. दुसऱ्याच्या डोळ्यांवर सात वर्षं नाव कमावलं, अन् जाताना एक ओळ लिहून ठेवता आली नाही?

दुसऱ्या दिवशी मी खरा रेझ्युमे केला. स्वतंत्र मोजणी, सात वर्षं. चारशे बारा कामं. एकही तक्रार नाही. माझ्या हातून इतका चांगला रेझ्युमे आजवर झाला नव्हता. स्क्रीन चाचांकडे फिरवली. त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. मग म्हणाले, मिटव.

मी तावातावानं भांडले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"साधना, हे लोकाइले समजलं तं उद्या चारशे बारा धुरे उकरतीन. भाऊ भावाच्या अंगावर जाईन. म्हणतीन, गुलाबराव आंधया होता."

"अन् तुमचं काय? तुमी काहून मरायचं त्यांच्या नावासाठी?"

"साहेबाचे डोये गेल्ते, बेटा. नाव नोतं गेलं. ते मी कसं घालवू?"

मग मी पानावरच्या श्रीचा विषय काढला. ते एकदम लाजले. म्हणाले, माझ्या वहीवर मी बिस्मिल्लाचं सातशे शहाऐंशी लिहितो. पण वही साहेबांची होती, तर पानही साहेबांचंच पाहिजे. बाबांना तर ते दिसतही नव्हतं. यांनी मात्र एक पान चुकवलं नाही.

शेवटी मी हेल्परचा अर्ज भरला. काठी धरणे, एकोणीस वर्षं. बस. प्रिंट काढून सहीसाठी पेन दिला. चाचांचा हात आधी कागदाच्या माथ्यावर गेला आणि तिथं त्यांनी श्री काढलं. तसंच सावकाश, तसंच नीट. मग दोघांनीही ते पाहिलं.

"सवय पडली," ते म्हणाले. "दुसरा कागद दे."

मी प्रिंटरकडे तोंड फिरवून रडले. सांगायला लाज कसली? तो पहिला कागद मी बाबांच्या शेवटच्या वहीत ठेवून दिला. खरा रेझ्युमे चाचांसमोर मिटवला आणि कोणाला बोलणार नाही म्हणून त्यांना शब्दही दिला.

चाचांना नोकरी लागली. तेवीस वर्षांचं एक पोरगं मशीनवर असतं आणि चाचा काठी धरतात. परवा नमरा फॉर्म भरायला आली. मी नाव टाकलं, गाव टाकलं, आणि न विचारताच सर्व्हेअर टाइप करायला घेतलं.

"ते नको, दीदी," ती म्हणाली. मान खाली होती. "मजूर लिव. कॉलेजातल्या पोरींनी पाह्यलं त्याइले काठी घेऊन."

माझी बोटं थांबली. तिला सगळं सांगावं असं जिभेवर आलं. एका वाक्याचं तर काम होतं.

"लिव ना," नमरा म्हणाली. "अब्बू म्हणतात, खरं तेच लिवायचं."

मी मजूर लिहिलं.