समोरची जागा

माझा आवाज कौलं हलवतो, असं अख्खी शाळा म्हणते. म्हणू दे. पण त्या सकाळी मला तोंड उघडायची बंदी होती.

वाचनाची परीक्षा टॅबवर होती. एका मिनिटात चाळीस शब्द. जमले तर चौथीत, नाही तर पुन्हा तिसरीत. इतरांचं एक वेळ चाललं असतं, पण खारूच्या बापाने मला वर्गाच्या दारातच ऐकवलं होतं, "बाई, नापास झाली तर शाळा बस्स. मावशीकडे पाठवतो, तिची जुळी सांभाळायला. तुम्ही म्हणता ना हुशार आहे? मग घोडामैदान जवळच आहे."

खारू म्हणजे आमची खारूताई. पुढे दोन दात, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! आणि हुशार तर होतीच. आमच्याकडे तिघांत एक पुस्तक. चटईवर मधोमध ठेवायचं, दोघी एका बाजूला आणि ही समोर. त्या दोघी पहिल्या ओळीत घुटमळत असायच्या तोवर हिचं पान वाचून संपलेलं. फळ्यावरचं मात्र ती अडखळत वाचायची. मी म्हटलं, डोळे अधू असतील. चष्म्याचं बघा म्हणून दोनदा घरी निरोपही धाडला होता.

परीक्षकांनी टॅब तिच्या हातात दिला आणि स्वतः टेबलापलीकडे बसले. मला खिडकीशी उभं केलं. "बाई, एक शब्दही बोलायचा नाही."

पडद्यावर घड्याळ सुरू झालं.

"न... दी... च्या..." आणखी चार शब्द कसेबसे ओढून खारू थांबली. अगं, वाच ना माझे आई! मी पदराचं टोक मुठीत आवळलं. तिने टॅब उलटा केला. अक्षरंही गर्रकन फिरली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. तिने परत फिरवला. ती परत सरळ.

"खेळणं नाही ते!" परीक्षक करवादले.

अर्धं मिनिट सरलं होतं. शब्द झाले होते पाच. मला डोळ्यांपुढे खारू मावशीकडे दिसली, एक पोर कडेवर, दुसरं पायाशी.

मग खारूने टॅब टेबलावर आडवा ठेवला, खुर्चीवरून उतरली आणि टेबलाला वळसा घालून परीक्षकांच्या कोपराशी जाऊन उभी राहिली. टॅब जागचा हलला नव्हता, म्हणून तिकडून अक्षरं उलटीच दिसत होती.

"जागेवर बस!"

"वाचू द्या तिला!" मी ओरडले. कौलं हलली असतील तर हलोत.

आणि ती सुटली. नदीच्या काठचं झाड, झाडावरचं घरटं, घरट्यातली पिल्लं. श्वास न घेता, एकही शब्द न चुकता. परीक्षक तोंडाचा आ वासून बघत राहिले. टॅब वाजला तेव्हा बेचाळीस शब्द झाले होते.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी लाज वाटली. तीन वर्षं मी तिला पुस्तकाच्या उलट्या बाजूला बसवलं होतं. ती उलटी अक्षरंच वाचायला शिकली होती, आणि मी चष्म्याचे निरोप धाडत होते. डोळे तर माझेच तपासायला हवे होते.

बाहेर आल्यावर मी तिला पोटाशी धरलं. ती म्हणाली, "बाई, चौथीत मी त्या बाजूला बसू? त्या दोघींच्या?"

"बस की गं! हवं तिथे बस."

तिला एवढं हसू आलं की दोन्ही दात चमकले. चार पावलं पळत गेली आणि थांबून तिने विचारलं, "मग समोर कोण बसणार?"

चौथीची पुस्तकं कालच आली होती. गठ्ठा मीच मोजून घेतला होता. तिघांत एक.