बापाच्या फोनमधला पट्टा

फोन तिरडीवर ठेवायचा, हे घरात ठरून गेलं होतं. जाणाऱ्याच्या वापरातली वस्तू त्याच्याबरोबर द्यायची, ही त्या पाड्याची रीत. शीतलच्या बापाची, गेंदाची काठी दिली, तंबाखूची डबी दिली. फोन तेवढा शीतलच्या हातात राहिला होता.

त्यात गेंदाने काढलेला एक व्हिडिओ होता. खडीच्या क्रशरवरचा पट्टा, त्याला जाळी नाही, आणि मुकादम कौतिकचा आवाज : "बंद नको करू, चालूवरच साफ कर." दोन दिवसांनी त्याच पट्ट्याने गेंदाला ओढून घेतलं. कौतिक प्रेत घेऊन आला आणि गेंदा दारू पिऊन पडला म्हणून सांगत सुटला.

फोनची चार्जिंगची पिन कधीच मोडलेली. बॅटरी संपत आलेली. सातपुड्याच्या त्या पायथ्याला टॉवर लागत नव्हता. जळगावला पिंप्राळ्यात खोली घेऊन शिकणाऱ्या शीतलला एकच रीत ठाऊक होती : फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आणायचे आणि फाइल ओढून घ्यायची. त्याला टॉवर लागत नाही; भावाच्या, पिंटूच्या फोनचा हॉटस्पॉट लावून तिने फाइल ओढायला घेतली.

"काय करी राह्यनी, पोरी?" कौतिक ओट्यावरून म्हणाला. "गयेल माणूसनी वस्तू त्यानासंगेच जाऊ द्या."

"देते ना, कौतिकभाऊ. बाचे फोटो घेते."

निम्मी फाइल आली आणि थांबली. शीतलने मान वर केली. तिरडी उचलली होती. विस्तवाचं मडकं धरून पिंटू पुढे निघाला होता, आणि त्याचा फोन त्याच्या खिशात होता.

बापाचा फोन आणि उघडा लॅपटॉप छातीशी धरून ती धावली.

"शीतल! बाया जात नाहीत तिकडे!" तिची माय, बिजलीबाई ओरडली. "बाप मेला अन् हिला कॉम्प्युटर सुचतोय!"

"माय, ये ना मग मला ओढून न्यायला!"

ती पिंटूच्या खांद्याला खांदा लावून चालू लागली. फाइल पहिल्यापासून सुरू झाली.

"हळू चाल," ती पुटपुटली. "बाचा पट्ट्याचा व्हिडिओ आहे. कौतिकचा आवाज आहे त्यात."

पिंटूने मागे पाहिलं. पावलं मात्र हळू केली.

नाल्याकाठी लाकडं रचली होती. लॅपटॉपवर फाइलची निळी रेघ शेवटाकडे सरकत होती. कौतिक पिंटूजवळ आला, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बापनी क्रशरवरनी जागा खाली शे. सोमवारी ये. दुसऱ्याले नही देत मी."

पिंटूने मडकं खाली ठेवलं. हात धोतराला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

निळी रेघ थांबली. वायफायच्या यादीतून पिंटूच्या फोनचं नाव गेलं.

"पिंटू, हॉटस्पॉट."

"बंद पडला."

"चालू कर. थोडंच राहिलंय."

"बंद पडला ना!" तो मोठ्याने म्हणाला. "माय काय खाईल, तू सांग. तुझी फी कोण भरेल?"

तेवढ्यात कौतिकने तिच्या हातातून बापाचा फोन काढून घेतला. चार म्हातारे बघत होते. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. रीतच होती. त्याने फोन चितेवरच्या गेंदाच्या छातीवर ठेवला आणि वर एक लाकूड.

शीतलने अपुरी आलेली फाइल उघडून पाहिली. उघडली नाही.

लाकडांच्या फटीतून फोनचा उजेड दिसत होता. पडद्यावर एक गोल फिरत होता. फोन अजून पिंटूचं वायफाय शोधत होता.

पिंटूने मडकं उचललं.