हेकल: डंडीचा लोखंडी फणा

मित्रांनो, जरा मनात आणा. लाकडाची एक जाड फळी आहे आणि तिच्यावर पोलादाचे लांब, टोकदार दात दाटीने उभे केले आहेत. त्या टोकांजवळ हात न्यायची तुमची हिंमत होईल का? माझ्याजवळ मात्र माणसं दिवसभर हात चालवत. मी एक जुना फणा आहे, पण केसांचा नव्हे. मी जवसाचे तंतू विंचरत असे. इंग्रजीत मला हेकल म्हणतात.

स्कॉटलंडमधल्या डंडी गावी, बंदराजवळ, एका लोहाराने मला घडवलं. समुद्रापलीकडून जवसाच्या तंतूंचे गठ्ठे येत, गुंतलेले आणि कुसांनी भरलेले. कारागीर मूठभर जुडी घेऊन दातांवर टाकी आणि ओढी. आधी विरळ दातांच्या फण्यावर, मग दाट दातांच्या, आणि शेवटी माझ्यावर. घाई करून कुणी पहिला फणा वगळला, तर जुडी माझ्यात अडकून तुटे. तुटके तंतू खाली पडत आणि हातात लांब, चकाकती बट उरे. तिच्यापासून जहाजांच्या शिडांचं कापड होई.

माझ्या धन्याचं नाव वॅट ड्युथी. त्याच्या कामाच्या जागी एक रिवाज होता. बाकीचे तंतू विंचरत आणि आर्ची नावाचा एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची. त्याच्या वाटणीचं काम इतर जण उरकत. पण निमूट ऐकणारं तिथं कुणीच नव्हतं.

"थांब, आर्ची. मंत्री म्हणतात पाव स्वस्त झाला. कुठल्या गल्लीत, ते लिहिलंय का?"

"नाही बुवा."

"मग आपल्या गल्लीत नक्की नाही."

हीच माणसं निवडणुकीच्या सभांना जात. मत देण्याचा हक्क पैसेवाल्यांनाच होता. पण उमेदवाराला प्रश्न कुणीही विचारावा, अशी गावाची पद्धत होती. वॅट प्रश्नही तंतूंसारखे विंचरी. पहिला अगदी सैल, दुसरा जरा जवळचा, तिसरा बारीक. तिसऱ्याला उमेदवाराला घाम फुटे. लोक घरी जाताना म्हणत, "आज त्याला चांगलंच हेकल केलं." असं माझं नाव सभेत शिरलं आणि पुढे इंग्रजी बोलणाऱ्या साऱ्या मुलखांत पोचलं. हल्ली भाषणात मध्येच ओरडणाऱ्या कुणालाही हेकलर म्हणतात. याचं मला वाईट वाटतं. गुंता ओरडून सुटत नाही.

आता जे सांगतो ते सांगताना मला जड जातं.

विंचरताना उडणारी बारीक धूळ वॅटच्या छातीत साठत गेली. त्याचा आवाज बसला. त्याची दोन मुलं, ग्रिझेल आणि धाकटा निनियन, पिटकेथली साहेबांच्या सूतगिरणीत कामाला होती. एका हिवाळ्यात निनियन चालू यंत्राखाली सापडला आणि गेला. साहेबांनी सांगितलं, पोरगा खेळत होता. गावाने ते खरं मानलं. बायका निनियनच्या आईला ऐकू जाईल असं बोलत, "पोराला वळणच नव्हतं." तिने चर्चला जाणं सोडलं.

वसंतात पिटकेथली साहेब निवडणुकीला उभे राहिले. त्याच सुमारास तंतू विंचरणारं यंत्र आलं आणि आमचं काम बंद पडलं. वॅटने बाकावरून मला उपसलं, गोणपाटात गुंडाळलं आणि ग्रिझेलच्या हातात दिलं. घरी जायच्या आधी दोघं सभेला निघाली. वाटेत वॅट आपले तीन प्रश्न घोकत होता. ग्रिझेल साहेब होऊन उत्तरं देत होती.

"ड्युथी, आधी तो खोकला आवरा," ती जाड आवाजात म्हणाली.

वॅट हसला, आणि हसता हसता पुन्हा खोकला. "हे बघ पोरी, तिथं तू तोंड उघडायचं नाही. आता घरात तुझीच मजुरी येते. ती गेली तर चूल बंद."

"बरं, बाबा."

सभागृह भरलेलं होतं. भाषण संपलं. वॅट उठला.

"साहेब, तुमची यंत्रं चांगली आहेत का?"

"त्यांना स्कॉटलंडमध्ये तोड नाही."

"दिवसात कितीदा थांबवता?"

"एकदाही नाही. सकाळच्या घंटेपासून रात्रीच्या घंटेपर्यंत माझं एकही चाक थांबत नाही." टाळ्या पडल्या.

वॅटने तिसऱ्या प्रश्नासाठी श्वास घेतला. श्वास आत गेला, पण शब्द बाहेर आला नाही. तो खोकत राहिला आणि शेवटी बाकाला धरून खाली बसला.

"फणा बोथट झाला रे!" मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले.

"त्यांना पाणी द्या," साहेब म्हणाले. "पुढचा प्रश्न कोणाचा?"

पुढच्या रांगेतला गिरणीचा मुकादम मान वळवून ग्रिझेलकडे पाहत होता. वॅटने तिच्या शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. माझे निम्मे दात पडले. मला कुणी घासून पुसून ठेवावं अशी इच्छा आहे, पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तुम्ही कुणाला प्रश्न विचारलात, तर नीट विंचरून विचारा, आणि अर्ध्यावर सोडू नका.

तर त्या सभेत ग्रिझेलने मला बाकावर ठेवलं. बाबांची बोटं एकेक करून शालीवरून सोडवली. मग ती उभी राहिली.

"मी ग्रिझेल ड्युथी. तुमच्याच गिरणीत कामाला आहे. यंत्र थांबत नाही म्हणता, तर चालू यंत्राखाली शिरून साचलेला कचरा कोण काढतं, साहेब?"

साहेबांनी हातातले कागद उगाच सारखे केले.

"हे मुकादमाला विचार, मुली. बस खाली."

"मी तुम्हाला विचारलंय," ग्रिझेल म्हणाली, आणि बसली नाही.